मदत हवी आहे: गोदामात वायफायच्या काड्या फुल्ल, तरी स्कॅनर तुटतो

स्टोअर_इनचार्ज
फोर्कलिफ्ट एका गल्लीतून दुसरीत वळली की तिच्यावरच्या बारकोड स्कॅनरचं वायफाय कनेक्शन तुटतं. चक्र फिरत राहतं, ऑपरेटर पुन्हा लॉगिन करतो, तोवर मागे गाड्या खोळंबतात. ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) वाढवले, पॉवर कमाल केली, फरक शून्य. डिस्पॅच अडकलाय, लवकर सांगा.

तारवाला
छत किती उंच? अँटेना कुठली? वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं की ५ चं? माल काय?

स्टोअर_इनचार्ज
छत १२ मीटर, पॉइंट तिथेच, अँटेना त्यांच्या आतच बसवलेल्या. स्कॅनर जुने, फक्त २.४. माल बाटलीबंद पाणी. मालाचा काय संबंध?

निळा_दिवा
पासवर्ड बदलून बघा, बाहेरचं कुणी वापरत असेल.

रेडिओप्रेमी
खासगी ५जी, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क टाका. आमच्या कारखान्यात टाकलं, तेव्हापासून तक्रार नाही.

तारवाला
म्हणजे स्कॅनरही सगळे नवे घ्यायचे! आहे ते आधी नीट होऊ द्या की.
संबंध मालाचाच आहे. पाणी २.४ शोषतं, लोखंडी रॅक लहरी परतवतात. सिग्नल मोजण्याचा सर्व्हे रिकाम्या रॅकमध्ये केला असेल तर तो आज निरुपयोगी आहे.
दुसरं, पॉवर उतरवा. पॉइंटचा आवाज मोठा, स्कॅनरचा बारीक. त्याला पॉइंट ऐकू येतो म्हणून काड्या दिसतात, पण त्याचं उत्तर वर पोचत नाही. शिवाय लांबचा पॉइंटही जोरात ऐकू येत असल्यामुळे वळल्यावरही स्कॅनर त्यालाच चिकटून राहतो. आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पॉइंट वाढवले की गोंगाटच वाढतो.

पॅच_पॅनेल
पॉवरबद्दल सहमत. १ आणि २ एमबीपीएसचे संथ डेटा वेगही बंद करा, हवा मोकळी होईल.

रेडिओप्रेमी
आणि जुने स्कॅनर जोडलेच गेले नाहीत तर?

पॅच_पॅनेल
८०२.११बी हे जुनं वायफाय मानकही ११ एमबीपीएसपर्यंत जातं. ५.५ आणि ११ चालू ठेवा. आधी एकाच स्कॅनरवर तपासा.

स्टोअर_इनचार्ज
सर्व्हे रॅक भरण्याआधीचाच आहे. छतावरचे पॉइंट खाली आणू का?

तारवाला
नको, फोर्कलिफ्टचा मास्ट (माल उचलणारा खांब) त्यांना धडकेल. गल्लीच्या टोकाला, गल्लीच्या दिशेने तोंड करून पॅच अँटेना (एकाच दिशेला सिग्नल देणारी चपटी अँटेना) लावा, म्हणजे सिग्नल शेजारच्या गल्लीत कमी सांडेल. त्यासाठी बाहेरून अँटेना जोडता येणारे पॉइंट लागतील. स्विचपासून १०० मीटरच्या पुढे तांब्याची केबल ओढू नका, तिथे फायबर. मग भरल्या रॅकमध्ये मोजणी, तीही त्याच स्कॅनरने. लॅपटॉपची अँटेना वेगळी असते. सिग्नलची ताकद उणे ६७ डीबीएमच्या (ताकद मोजायचं एकक) खाली कुठे जाते ते लिहा.

स्टोअर_इनचार्ज
आज रात्रपाळीत दोन गल्ल्यांची पॉवर उतरवतो. जुन्या स्कॅनरवर डीबीएम कुठे दिसतं?