म्हाडाचं प्रकरण आठ-अ आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल: भाडेकरू हरले का?

गिरगावचा_भाडेकरू: ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल आला तेव्हा चॅनलवाल्यांचा एकच धोशा, आता सरकार तुमची प्रॉपर्टी घेऊ शकत नाही. अरे पण केस कशावरून उभी राहिली ते सांगा ना! मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींवरून. म्हाडा कायद्यात १९८६ ला प्रकरण आठ-अ आलं, ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर इमारत संपादन करून त्यांना द्यायची, त्याविरुद्ध मालकांची असोसिएशन १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. आता कोर्ट म्हणतं सरसकट सगळी खाजगी मालमत्ता समाजाची नाही, पण काही असू शकते, आणि ते ठरवताना वस्तू किती दुर्मिळ आहे, मोजक्या हातात राहिली तर काय होतं हे बघायचं. दक्षिण मुंबईतली जमीन यात बसत नसेल तर मग बसणार तरी काय? माझ्या मते भाडेकरू हरलेला नाही.

मालकाची_मुलगी: दादा, मोबदल्याचं बोललाच नाहीत. मासिक भाड्याच्या शंभर पट! भाडं कायद्याने वर्षानुवर्षं गोठवलेलं, १९९९ च्या कायद्याने वाढ दिली ती वर्षाला ४ टक्के. महिना २०० रुपये भाडं धरा, खोलीचे झाले वीस हजार, आणि तीच खोली पागडीने हातबदल होते तेव्हा आकडा किती असतो ते तुम्हालाही माहितीये. याला न्याय कसं म्हणू?

लॉ_थर्ड_इयर: दोघांनाही एक सांगते, आठ-अ वैध की अवैध हे या खंडपीठाने ठरवलेलंच नाही, त्यांनी फक्त घटनेच्या ३९(ब) चा, म्हणजे समाजाची भौतिक साधनं सगळ्यांच्या हितासाठी वाटायच्या तत्त्वाचा, अर्थ लावला आणि ३१(क), म्हणजे त्या तत्त्वासाठी केलेल्या कायद्यांना मिळणारं संरक्षण, शाबूत असल्याचं एकमताने सांगितलं. १९७७ मध्ये न्या. कृष्णा अय्यरांनी वेगळ्या निकालपत्रात मांडलेलं, खाजगी मालमत्ताही समाजाच्या साधनांत येते हे मत पुढे संजीव कोक खटल्यात कोर्टाने उचललं, ते आता बहुमताने नाकारलंय. न्या. धुलिया मात्र त्याच्याच बाजूने राहिले, त्यांचं निकालपत्र जरूर वाचा.

गिरगावचा_भाडेकरू: @मालकाची_मुलगी मोबदला तुटपुंजा आहे, मान्य. पण आमच्या जिन्याखाली लाकडी टेकू लावलेत, वरच्या मजल्यावर कपडे आपटले की खाली माती पडते, आणि मालक म्हणतात बिल्डर चांगला मिळेपर्यंत थांबा. किती थांबायचं? पाडायची वेळ आली की आधी आम्हीच ट्रान्झिट कॅम्पात जाणार.

मालकाची_मुलगी: २०० रुपयांत कुठला मालक जिना बांधून देईल, तुम्हीच सांगा. शंभर पटीचं कलम काढा, बाजारभावाच्या जवळपास काहीतरी ठरवा, मी स्वतः वडिलांना सहीला बसवते. तोवर आमची केस चालू राहणार.