नमुना कुठून घेतला ते विचारा

‘जनमत चाचण्या सगळ्या पैसे देऊन करवून घेतात’ असं काहीजण म्हणतात. मला खोट त्याआधीच, नमुना घेताना म्हणजे कोणाकोणाला विचारायचं ते निवडतानाच दिसते. २०२४ च्या लोकसभेला आमच्या नवी मुंबईतल्या घणसोलीत अशा चाचणीसाठी टॅब घेऊन एक मुलगा आला. टॉवरच्या गेटवर वॉचमनने अडवलं, मग नाक्यावर चहाच्या टपरीपाशी उभ्या पुरुषांचीच मतं त्याने भरून घेतली. एकही बाई नाही! फार वाईट वाटलं. वाहिन्या किती जणांना विचारलं ते बारीक अक्षरात पळवतात, जागांचा आकडा मात्र ठळक. त्याच निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३. दोन-तीन टक्के मतं इकडची तिकडे झाली की जागा पार फिरतात, हे अँकरने सांगायला नको?