इंजिन चालतं ठेवायलाच हवं

'जेरेमाया ओब्रायन' हे जुनं वाफेचं जहाज धक्क्याला बांधून नुसतं संग्रहालय करा, बॉयलर पेटवायचा खर्च कशाला, हे काहींचं म्हणणं अजिबात पटलं नाही. १९४३ चं हे लिबर्टी जहाज (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मोठ्या संख्येने बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक) ३३ वर्षं कॅलिफोर्नियातल्या सुइसन बे या खाडीत पडून होतं, तरी १९७९ मध्ये स्वतःच्या वाफेवर बाहेर आलं. १९९४ मध्ये तर स्वयंसेवकांनी, त्यातले बरेचसे सत्तरीतले, ते सॅन फ्रान्सिस्कोहून थेट फ्रान्समधल्या नॉर्मंडीला नेऊन परत आणलं!

खर्चाच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेलीय. अशा वाफेच्या इंजिनावरचा ऑइलर, म्हणजे तेल घालणारा कामगार, फिरत्या क्रँकच्या (दांड्याच्या वाकड्या भागाच्या) लयीत हात आत घालतो आणि बेअरिंग (फिरत्या भागाचा आधार) तापलंय का ते बोटांनी चाचपतो. हे जुन्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकता येतं, तेही इंजिन चालू असताना. म्हणून वर्षातून काही फेऱ्या व्हायलाच हव्यात.