प्रतिसाद: एमबीए करून गटांसाठी काम
ताई, तुमची मुलगी एमबीए करून बचत गटांसाठी काम करू म्हणते, आणि वर दोघांनी लिहिलंय की मग समाजकार्यच शिकवा. मला ते पटत नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गटाच्या बायका कोकमाची सोलं उत्तम करतात. दर ठरवताना मात्र स्वतःची मजुरी धरतच नाहीत. वाळवणाचे दिवस, पिशव्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं बसभाडं, हे सगळं मांडलं की कळतं, नफा म्हणून घरी नेलेले पैसे म्हणजे त्यांचाच घाम. त्यात दुकानदार माल उधारीवर घेतो आणि पुढच्या हंगामाला खेळतं भांडवल उरत नाही. इथे नुसती कळकळ पुरत नाही, कॉस्टिंग, म्हणजे मालाला खरा खर्च किती आला याचा हिशोब, यावं लागतं.

साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये ‘गिव्ह गोवा’ उपक्रमात विद्यार्थी सामाजिक संस्थांसोबत काम करतात. खास ग्रामीण व्यवस्थापन हवं तर गुजरातमधल्या आणंदची इर्मा ही संस्था आहे, अमूलवाल्या वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभारलेली. फी मात्र आधी बघा. डोक्यावर मोठं कर्ज असलं की मुलं मिळेल ती कॉर्पोरेट नोकरी धरतात.

प्रवेशाआधी मे महिन्यात तिला आमच्याकडे पाठवा, सोलं वाळत घालायला.