'द ऑफिस' सोडून स्टीव्ह करेलने नेमकं कमावलं काय?

टेबल क्र. ७

२८ एप्रिल २०११. मायकेल स्कॉट, म्हणजे करेलने रंगवलेला साहेब, विमानतळावर अंगावरचा माइक काढून कॅमेरावाल्यांच्या हातात देतो आणि 'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी मालिकेतून जातो. मालिका पुढे दोन वर्षं रखडत चालली. करेल मात्र 'वेळेवर बाहेर पडलेला शहाणा नट' म्हणून कौतुकाचा धनी झाला.

हे कौतुक मला पटत नाही. गेल्यानंतरचा हिशेब बघा. 'बर्ट वंडरस्टोन' (२०१३) तीन कोटी डॉलरचा, जगभरातून तेवढेही परत आले नाहीत. 'वेलकम टू मार्वेन' (२०१८) त्याहून मोठा खड्डा. 'स्पेस फोर्स' दोन सीझनमध्ये गुंडाळली. खणखणीत चालला तो 'डिस्पिकेबल मी' या अॅनिमेशनपटाचा ग्रू, आणि तिथे करेलचा फक्त आवाज, चेहराच नाही! 'फॉक्सकॅचर'चं ऑस्कर नामांकन आहे, ठीक. पण त्यासाठी नकली नाक लावून, सगळं हसू पुसून बसावं लागलं. विनोदी नटाला मान मिळवायला विनोदच सोडावा लागत असेल, तर त्याला प्रगती म्हणायचं का?

दुसरा टेक

नाकावर अडलात, नजर राहिली. 'फॉक्सकॅचर'मध्ये करेलने केलेला जॉन डू पॉन्ट म्हणजे मायकेल स्कॉटच, फक्त हशा काढून घेतलेला. दोघांनाही लोकांनी आपल्याला गुरू मानावं असं वाटतं, दोघेही हाताखालच्यांकडून कौतुक ओढून काढतात, आणि बोलून झाल्यावर समोरच्याचा चेहरा अर्धा सेकंद जास्त तपासतात. मायकेलच्या बाबतीत त्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा ऑफिसातल्या जिमकडे वळतो आणि आपण हसतो. इथे तो वळत नाही, म्हणून भीती वाटते. विनोद सोडला कुठे? त्याच अवजाराने दुसरं काम केलं.

खुर्चीखालचा

दुसरा टेक यांनी नकळत खरी मेख सांगितली. 'द ऑफिस'चा विनोद फक्त करेलचा नव्हताच. एका कॅमेऱ्याची मालिका, प्रेक्षकांचा हशा नाही, आणि खोटा माहितीपट असल्यामुळे कॅमेऱ्याला कुणाकडेही वळायची मुभा. त्यामुळे प्रत्येक विनोदाचे तीन तुकडे पडतात: मायकेल काहीतरी भयंकर बोलतो, कॅमेरा झटकन हाताखालच्या स्टॅन्ली किंवा पॅमच्या चेहऱ्यावर जातो, मग मायकेल एकटा खोलीत बसून कॅमेऱ्याला स्पष्टीकरण देतो आणि आणखी खोल रुततो. आधी लिहिल्याप्रमाणे टेक, मग सैल सोडलेले टेक, आणि २२ मिनिटांत बसवायला संकलकाची कात्री. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात मायकेलने ऑस्कर नावाच्या कर्मचाऱ्याचं घेतलेलं चुंबन अशाच सैल टेकमध्ये आलेलं, संहितेत नव्हतं.

सिनेमात यातलं काय उरतं? चेहऱ्यांची टोळी नाही, एकांतातली कबुली नाही. शिवाय ११० मिनिटांत नायक बदलावा लागतो. मायकेल दर गुरुवारी पुन्हा तिथेच येऊन उभा राहायचा, त्यातच गंमत होती. 'बर्ट वंडरस्टोन' पडला तो इथेच: पहिली चाळीस मिनिटं माणूस असह्य, त्याच्यावर डोळे फिरवणारं पडद्यावर कुणी नाही, आणि मग एकदम सुधारणा.

टेबल क्र. ७

म्हणजे माझाच मुद्दा झाला की. टोळी सोडली, विनोद गेला.

खुर्चीखालचा

अर्धाच. टोळीकडून करेल गेला तेव्हा टोळीचंही तेच झालं. विल फेरेलला चार भागांसाठी आणलं, मग जेम्स स्पेडर, मग ऑफिसातल्याच अँडीला साहेबाच्या खुर्चीत बसवलं. अँडीला मायकेलचीच वाक्यं दिल्यासारखी द्यायला लागले आणि ते काम करणाऱ्या एड हेल्म्सची स्वतःची चाल गेली. साहेब नसताना चिडायचं कुणावर? जिमचं कॅमेऱ्याकडे बघणं तेच, पण बघायला कारण उरलं नाही.

हिशेबनीस

भावनेचं बाजूला ठेवा, तारखा बघा. अमेरिकन नेटवर्कवरची अशी मालिका साधारण ऑगस्टपासून मार्चपर्यंत चित्रित होते. वर्षाला २२ ते २६ भाग. मग उन्हाळ्यात तीन-चार महिने सुट्टी, तिला तिकडे हायेटस म्हणतात. नटाने सिनेमा करायचा तो या खिडकीत. एक मोठा, फार तर जोडीला एक छोटा.

करेलने या खिडक्या कशा वापरल्या? 'फोर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' (२००५), 'लिटल मिस सनशाइन' (२००६), 'गेट स्मार्ट' (२००८), 'डेट नाइट' (२०१०). पहिला 'डिस्पिकेबल मी'ही २०१०चाच. 'क्रेझी, स्टुपिड, लव्ह' जुलै २०११मध्ये लागला म्हणून लोक तो 'सोडल्यानंतरचा' धरतात, पण तोही मालिकेत असताना केलेला. म्हणजे त्याचे चाललेले विनोदी सिनेमे जवळपास सगळे नोकरीत असतानाचे! 'इव्हान ऑलमाइटी' (२००७) हा मधला मोठा अपघात. साडेसतरा कोटी डॉलर खर्च, तिकीटबारीवर जगभरातून तेवढेच जमले, आणि त्यातला निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा.

तेव्हा 'मालिकेने अडवून धरलं होतं, म्हणून सोडली' असं कुणी म्हणेल तर ते खोटं. मालिकेने दर आठवड्याला फुकट जाहिरात केली.

पडदा क्र. ३

हिशेबनीस, उलटही झालंय हे विसरलात. पहिला सीझन फक्त सहा भागांचा, मार्च २००५मध्ये आला आणि आकडे रडके होते. ऑगस्टमध्ये 'व्हर्जिन' लागला, अडीच-पावणेतीन कोटींच्या सिनेमाने साडेसतरा कोटींच्या पुढे मजल मारली, आणि मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीला अचानक कळलं की आपल्या घरात स्टार आहे. दुसऱ्या सीझनमध्ये मालिकेचा कर्ता ग्रेग डॅनियल्सने मायकेल बदलला तोही त्याच सुमाराला. चापून बसवलेले तेलकट केस गेले, आणि माणूस नालायक असला तरी मनाने वाईट नाही हे दाखवणारे प्रसंग आले. पहिल्या सीझनचा मायकेल म्हणजे मूळ ब्रिटिश मालिकेतल्या रिकी जर्व्हेसच्या साहेबाची थंड नक्कल होती. सिनेमाने मालिका वाचवली.

हिशेबनीस

मान्य. खरं तर माझ्याच बाजूचं आहे हे: दोन्ही एकमेकांना पोसत होते, मग एक का कापलं?

कलम २८५५

कारण 'कापलं' हा शब्दच संशयास्पद आहे. अशा मालिकांचे करार बहुधा सहा-सात सीझनचे असतात. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यानुसार व्यक्तीच्या सेवेचा करार सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येत नाही. हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंडने स्टुडिओविरुद्ध १९४४मध्ये जिंकलेला खटला यावरचाच. सातव्या सीझनशेवटी करेलचा करार संपत होता. २०१०मध्ये एका मुलाखतीत त्याने 'सातवा बहुधा शेवटचा' असं म्हटलं आणि बातमी झाली.

पुढे युनिटमधल्या तंत्रज्ञांनी सांगितलं ते असं: तो आणखी थांबायला तयार होता, पण वाहिनीकडून वेळेत प्रस्तावच आला नाही. ऐन त्या काळात एनबीसी कॉमकास्ट या कंपनीच्या ताब्यात जात होती आणि मनोरंजनाचा प्रमुखही बदलला. नव्या माणसाला जुन्या मालिकेच्या महागड्या नटाची घाई नसते. हे खरं धरलं तर इथला अर्धा वाद हवेत आहे. 'त्याने सोडली' याऐवजी 'त्याला कुणी थांबवलं नाही' म्हणावं लागेल.

टेबल क्र. ७

ही बाजू मला वजनदार वाटते. पण थांबवलं नाही तरी पुढे काय करायचं हे त्याच्याच हातात होतं. 'फॉक्सकॅचर', 'ब्यूटिफुल बॉय', 'द मॉर्निंग शो', 'द पेशंट'. एकामागून एक उदास माणसं. ही निवड वाहिनीने नाही केली.

पडदा क्र. ३

निवड कशातून करायची होती ते बघा ना. २००५ ते २०१० या काळात तीन-सहा कोटी डॉलरचे प्रौढांसाठीचे विनोदी सिनेमे स्टुडिओ सर्रास काढायचे. पुढच्या दहा वर्षांत ती जातच दुर्मीळ झाली. दोन कारणं: डीव्हीडीची विक्री कोसळली, आणि परदेशी बाजारात शब्दांवरचा विनोद विकला जात नाही, ग्रू विकला जातो. २०१७चा 'डिस्पिकेबल मी ३' शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. करेलने विनोद सोडला म्हणण्यापेक्षा विनोदाचं दुकान बंद झालं म्हणा. आणि 'द बिग शॉर्ट'मध्ये तो विनोदीच आहे, फक्त रागावलेला.

गोरेगाव फाटक

आपल्याकडची तुलना केली की हा वाद वेगळा दिसतो. रोजच्या मालिकेत हायेटस नावाची चीज नसते. महिन्याला पंचवीसेक दिवस, बारा तासांची शिफ्ट, पैसे दिवसावर, आणि हातात यायला नव्वद दिवस. एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपली की नटाला सुट्टी मागायची सोय नाही. त्यामुळे इथला नट मालिकेत राहून सिनेमा 'चाखून' बघू शकत नाही. उडी मारायची तर दोर कापूनच. मराठीतला नट फार तर शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग लावून घेतो, तेही प्रॉडक्शन कंट्रोलरशी डेटचं भांडण करून. दिशा वकानी २०१७मध्ये 'तारक मेहता'मधून रजेवर गेल्या आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं दयाबेनचीच वाट बघत बसला. म्हणून करेलचा दाखला देऊन 'आपल्या नटांनीही वेळेवर सोडावं' असा उपदेश करणाऱ्यांनी आधी त्या नटांचं वेळापत्रक मागवून बघावं.

दुसरा टेक

गोरेगाव फाटक, हे पटलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: नटाची स्पर्धा नव्या नटाशी नसते, स्वतःच्या जुन्या भागांशी असते. निल्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत २०२०मध्ये अमेरिकेत 'द ऑफिस' ५७ अब्ज मिनिटं पाहिली गेली, नेटफ्लिक्सवर. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच नेटफ्लिक्सवर, त्याच ग्रेग डॅनियल्सबरोबर करेलने 'स्पेस फोर्स' आणली. प्रेक्षकाच्या समोर दोन चौकटी शेजारी-शेजारी. एकीत अनोळखी जनरल, गंभीर आवाज काढून बोलणारा. दुसरीत मायकेल, ज्याचं पुढचं वाक्य पाठ आहे. जेवताना माणूस कुठलं लावेल?

खुर्चीखालचा

आणि 'स्पेस फोर्स'मध्ये खोटा माहितीपट नव्हता, खर्च भरपूर होता, सेट भव्य होते. विनोदाला एवढी मोकळी जागा मानवत नाही. कोंडलेली खोली, वाईट ट्यूबलाइट आणि पळायला वाट नाही, तेव्हा मायकेल फुलतो. जॉन माल्कोविचबरोबरचे दोघांचेच प्रसंग तेवढे बरे, कारण तिथे निदान एक चेहरा त्याच्यावर वैतागतो.

टेबल क्र. ७

'द पेशंट' या यादीत मी उदास म्हणून टाकलं होतं. पण कोंडलेली खोली म्हणताय तर तिथे करेल अक्षरशः तळघरात साखळीला बांधलेला आहे, आणि समोर एकच माणूस, ज्याचा चेहरा तो सतत वाचतोय. दहा भाग, बहुतेक अर्ध्या तासाच्या आतबाहेर. हिशेबात बसवायला अवघड जातंय.

दुसरा टेक

समोरचा माणूस डॉम्नल ग्लीसन. 'द ऑफिस'च्या जगातली नवी मालिका 'द पेपर' २०२५मध्ये आली, तिच्यात साहेबाच्या खुर्चीत बसलाय तो हाच!

कलम २८५५

करेल मात्र त्या मालिकेत नाही. 'द ऑफिस'च्या २०१३च्या अखेरच्या भागात ड्वाइट या जुन्या कर्मचाऱ्याच्या लग्नाला आला, दोन-तीन वाक्यं बोलला आणि कडेला उभा राहिला. येणार असल्याचं सगळ्यांनी शेवटपर्यंत नाकारलं होतं.