परिसरातल्या कामात उतरायचंय, सुरुवात कुठून करावी?

नवी_पायवाट

परिसरासाठी काहीतरी करावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. पायी चालणाऱ्यांसाठी सुरक्षित रस्ते आणि कचरा हे दोन विषय जवळचे वाटतात. महिन्याला पाच-सहा तास नक्की देता येतील, त्याहून जास्त नाही. भाषण करणं जमत नाही, घोषणा देणंही नाही. आसपास दोन गट काम करतात. त्यातला कोणता बरा हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि पहिल्यांदा कोणतं काम मागून घ्यावं?

सुकाणू

पाच-सहा तास पुष्कळ झाले, फक्त ते दर महिन्याला मिळाले पाहिजेत. एका महिन्यात वीस तास देऊन पुढे तीन महिने न दिसणाऱ्या माणसावर कुठलंच काम सोपवता येत नाही.

दोन्ही गटांच्या एकेका बैठकीला जाऊन नुसतं ऐका. मागच्या बैठकीत ठरलेल्या कामांचं काय झालं, हे सुरुवातीलाच विचारलं जातं का? विचारलं जात असेल तर गट चांगला. पुढची तारीख उठण्याआधी ठरते का, की 'कळवतो ग्रुपवर' म्हणून सगळे पांगतात? मुख्य माणूस आला नाही तर बैठक होते का? वर्गणी घेत असतील तर हिशेब विचारा, त्यात संकोच नको. खातं दोघांच्या सहीने चालत असेल आणि जमाखर्च सगळ्यांना दाखवला जात असेल, तर पुढची बरीच भांडणं टळतात. गट एखाद्या पक्षाशी बांधलेला आहे का, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या. असेल तर वाईट असं नाही, पण ते नंतर कळलं की माणसं दुखावतात.

काम मागायचं तर इतिवृत्ताचं मागा. ते कोणालाच नको असतं, आणि गट टिकतो तो त्याच्यावर. चर्चा लिहीत बसू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने पुरतात. 'कोण'च्या रकान्यात 'आपण सगळे' असं कधीच लिहू नका, एकच नाव लिहा. त्याच दिवशी रात्रीपर्यंत सगळ्यांना पाठवा. दोन बैठकांतच कोणती कामं अडतात आणि का, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

निर्माल्य_वेचक

कचऱ्याबद्दल लिहितो. सफाईचा कार्यक्रम बहुतेक वेळा फसतो तो शेवटच्या अर्ध्या तासात. पिशव्या भरतात, फोटो निघतात, लोक घरी जातात आणि पिशव्या तिथेच राहतात. रात्री कुत्री त्या फाडतात, दुसऱ्या दिवशी जागा आधीपेक्षा घाण दिसते आणि पुढच्या वेळी कोणी येत नाही. म्हणून गाडी किती वाजता, कुठे येणार आणि कोणाशी बोलणं झालंय, हे लेखी मिळाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

नाव दिलेल्यांपैकी निम्मे येतील असं धरून कामाची आखणी करा आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. निरोप वाचून विसरला जातो. आठ-दहा जणांची एक तुकडी, तिला एक प्रमुख. काम दोन तासांत संपवायचं. पिशवी पाऊण भरली की बांधा, काठोकाठ भरलेली उचलताना फाटते. वारा असेल तर पिशवीपेक्षा बादली बरी.

सुई किंवा सिरिंज दिसली तर ती हाताने उचलायची नाही, हातमोजा असला तरी नाही, कारण साध्या हातमोज्यातून सुई आरपार जाते. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा आधी जमिनीवर टेकवून ठेवायचा (हातात धरायचा नाही), चिमट्याने सुई उचलून टोकाकडून आत सोडायची आणि झाकण लावायचं. रसायनांचे डबे, अनोळखी पावडर, फुगलेल्या बॅटऱ्या यांना हात लावू नका. जागेवर खूण करून संबंधित खात्याला कळवा.

आणि मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर जी सफाई झाली, तिथे स्वयंसेवकांनी उचललेली प्रत्येक वस्तू कार्डावर नोंदवली. आज जगभर चालणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई त्यातूनच उभी राहिली. एस्टोनियात ३ मे २००८ला सुमारे ५० हजार लोकांनी एका दिवसात देशभरचे उघडे उकिरडे साफ केले, पण त्याआधी स्वयंसेवकांनी ते उकिरडे शोधून नकाशावर नोंदवले होते. तुम्हीही १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा आणि दर महिन्याला तोच मोजा. 'फार कचरा असतो' म्हटलं तर कोणी हलत नाही. ठरावीक वळणावर दर वेळी एकाच प्रकारची वेष्टनं सापडतात हे कागदावर आलं, की बोलायचं कोणाशी ते कळतं.

नवी_पायवाट

दोघांचेही आभार. इतिवृत्ताचं काम जमेल असं वाटतं. आणखी एक विचारते. एका चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा फार लवकर जातो, वयस्कर लोक अर्ध्या रस्त्यात अडकतात. एक गट त्यासाठी सह्यांची मोहीम काढतोय. तिचा उपयोग होतो का?

आवक_जावक

नुसत्या सह्यांचा फारसा नाही. सह्यांसोबत आकडे गेले तर होतो. दिव्याची वेळ सेकंदात बसवलेली असते, तेव्हा तुम्हीही सेकंदातच बोला.

टेपने रस्त्याची रुंदी मोजा, तीही गाड्यांचा दिवा लाल असताना एका कडेला उभं राहून टप्प्याटप्प्याने. मग स्टॉपवॉचने हिरव्या दिव्याची वेळ घ्या, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा फेऱ्या, कारण अनेक सिग्नलची वेळ दिवसभरात बदलते. लुकलुकणारा हिरवा वेगळा लिहा. आता गणित. वेळ ठरवताना चालण्याचा वेग अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटरचा रस्ता त्या वेगाने सुमारे १२ सेकंदांत पार होतो. पण सेकंदाला ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्ध माणसाला साडेसतरा सेकंद लागतात. या साडेपाच सेकंदांतच तुमची सगळी मागणी आली. अर्जात ती एका ओळीत लिहा, खाली मोजणीचा तक्ता जोडा. झाडं, खड्डे, पथदिवे त्याच अर्जात घालू नका. एका अर्जात पाच मागण्या असल्या की तो पाच टेबलांवर फिरतो.

सह्यांच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पूर्ण छापा. कोऱ्या पानांवर सह्या घेऊन पहिल्या पानाला टाचल्या, तर लोकांनी नेमक्या कशावर सही केली हे सिद्ध करता येत नाही. नाव, राहण्याचा भाग, तारीख, सही एवढं पुरे. फोन नंबर घेऊ नका, ती पानं कोणाच्या हातात जातील सांगता येत नाही.

रस्ता आणि सिग्नल कोणाच्या अखत्यारीत आहेत ते आधी शोधा, दोन्ही एकाच खात्याकडे असतीलच असं नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवा. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक घालून स्मरणपत्र द्या.

सुकाणू

वरच्याला अनुमोदन. एकच भर: मोजणीला दोघं जा. एकाचं लक्ष घड्याळावर असलं की रहदारीकडे राहत नाही, म्हणून दुसऱ्याने आकडे लिहायचे आणि गाड्यांकडे बघायचं. वेळ वाढवून मिळाली तरी महिन्याभराने पुन्हा मोजा, सिग्नलची दुरुस्ती झाली की वेळ पुन्हा जुनीच बसवली जाऊ शकते.