गृहीतक की परिकल्पना?

प्रश्न : एम.एड.चा लघुशोधप्रबंध मराठीत लिहितेय. हायपोथेसिसला एका पुस्तकात गृहीतक, दुसऱ्यात परिकल्पना, तिसऱ्यात अभ्युपगम. सर म्हणाले कुठलाही घ्या, फक्त सगळीकडे एकच ठेवा. खरंच काही फरक नाही का?

– सरांचं अर्धंच पटलं. गृहीतक म्हणजे जे धरून चालायचं, तपासायचं नाही. नववीच्या भूमितीतली युक्लिडची गृहीतकं आठवा, ती कोणी सिद्ध करायला लावली होती? तुमच्याकडे 'मुलांनी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली' हे गृहीतक, आणि 'मराठी व सेमी इंग्रजीच्या मुलांच्या गणितातल्या संपादणुकीत फरक नाही' ही परिकल्पना, कारण टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी) लावून तपासायचंय ते हेच. दोन्हीला गृहीतकच म्हटलंत तर व्हायवा घेणाऱ्याला कळणार कसं की कुठलं तपासलंय आणि कुठलं नुसतंच धरलंय.

– +1. अभ्युपगम राहू दे, उच्चारतानाच दमछाक होते.

– ह्यात भर, 'शून्य परिकल्पना' (null hypothesis, म्हणजे वरच्यासारखी 'फरक नाही' म्हणणारी परिकल्पना) बद्दल. हा शब्द संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1935च्या पुस्तकात आणला, तिथलं चहाचं उदाहरण भारी आहे. एक बाई म्हणते की कपात दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. मग 8 कप, 4 असे 4 तसे, न सांगता उलटसुलट क्रमाने द्यायचे. तिला ओळखता येत नाही, ही शून्य परिकल्पना. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता 70त 1. आणि फिशर तिथेच म्हणतो की शून्य परिकल्पना सिद्ध कधीच होत नाही, फार तर खोटी पडू शकते. आपल्याकडे मात्र प्रबंधांत सर्रास 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात आला'! अहो, 30 मुलांत फरक दिसला नाही म्हणजे फरक नाहीच असं कुठे, नमुना लहान पडला असेल.

प्रश्नकर्ती : बापरे, माझ्या तक्त्यात 'स्वीकार/त्याग' असाच कॉलम आहे 😅

– 'त्याग केला / त्याग करता आला नाही' करून टाका. आणि 'लक्षणीय फरक' लिहिलं असेल तर तिथे 'सार्थक' (significant, म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा न दिसणारा) करा. नमुना मोठा असला की 0.05 स्तरावर (म्हणजे फरक नसतानाही 'आहे' म्हणण्याची जोखीम 5%) अर्ध्या मार्काचा फरकही सार्थक निघू शकतो, त्याला लक्षणीय कोण म्हणेल?